रोह्याचे देशमुख आणि बाजाराची बातमी

चीनमध्ये केवळ शेअर बाजाराला वाहिलेले एक राष्ट्रीय दैनिक आहे, 'चायना सिक्युरिटीज जर्नल'. शांघायचा बाजार १९९० च्या अखेरीस उघडला आणि १९९३ मध्ये हे पत्र सुरू झाले. ते चालवते शिनहुआ ही सरकारी वृत्तसंस्था. सरकारचेच पत्र सरकारला अडचणीची बातमी कितपत छापणार, ही शंका आहेच.

आपल्याकडे क्रम वेगळा. आधी बाजार, मग कायदा, शेवटी पेपर. अमेरिकेतल्या यादवीने कापसाचे भाव चढले, मुंबईत शेअर्सचे वेड लागले आणि १८६५ साली सगळे कोसळले. दलालांची संघटना झाली १८७५ मध्ये. पण देशभर लागू होणारा कायदा यायला १९५६ उजाडले.

त्या कायद्याचे विधेयक १९५४ मध्ये आले तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, घराणे रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरही तेच. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर त्यांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला. सप्टेंबरमध्ये कायदा झाला, तेव्हा ते मंत्रिमंडळात नव्हते. पुढे १९६१ साली 'इकॉनॉमिक टाइम्स' आणि 'फायनान्शियल एक्स्प्रेस' निघाले. दोन्ही इंग्रजी.

कायदा आणि पेपर दोन्ही असूनही १९९२ चा रोखे घोटाळा झालाच. तो उजेडात आणला सुचेता दलाल यांनी, २३ एप्रिलच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त. म्हणजे कायदा पुरत नाही. हिशेब वाचता येणारा आणि न घाबरता लिहिणारा माणूसही लागतो.

हे आमच्या पेणला चांगलेच कळले. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांत पेन्शनर होते, मुलीच्या लग्नासाठी साठवणारे होते. ज्या रिझर्व्ह बँकेची धुरा एकेकाळी रोह्याच्या माणसाने वाहिली, तिचा आदेश इथे पोहोचला तो असा, पैसे अडकल्यावर.

आमच्या पिढीने पेपरातले अर्थाचे पान भाजी निवडायला घेतले. इंग्रजीचा धाक होता, आकड्यांचा कंटाळा होता. शाळेत आम्ही व्याजाची गणिते घातली, पण बँकेचा ताळेबंद कसा वाचावा ते कधी शिकवले नाही. ती चूक आमचीही. निदान नातवंडांना तरी ते पान वाचायला बसवावे, एवढेच वाटते.