तार आणि चौकट

नयन खानोलकर यांच्या एका छायाचित्राला २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. त्या छायाचित्रातला बिबट्या तसा लहानच दिसतो. जास्त जागा घेतो तो आरे कॉलनीतला बोळ. बोळात रोज असतो तसाच उजेड वाटावा अशा बेताने फ्लॅश लावलेले, आणि जनावराने सगळी चौकट व्यापू नये म्हणून कॅमेरा मुद्दाम तसा ठेवलेला. मनासारखा फोटो मिळायला चार महिने लागले. बिबट्या लहान ठेवण्याचा हा निर्णय मला त्या फोटोतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

कारण आपल्याकडे वाघ-बिबट्यांच्या फोटोंची सुरुवात नेमकी उलटी झाली. मेलेलं जनावर पुढे, त्याच्यावर पाय ठेवलेला साहेब किंवा संस्थानिक मागे, आणि हाकारे घालणारे कडेला किंवा चौकटीबाहेरच. उपनगरंही या इतिहासाबाहेर नाहीत. विहार तलावाच्या काठी १९२९ साली वाघ मारल्याची नोंद आहे. पवईच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल.

साधारण त्याच काळात संयुक्त प्रांतातल्या जंगलखात्याचे अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन रानवाटांवर तार ताणून बसत होते. तारेला वाघाचा पाय लागला की शटर पडायचं आणि फ्लॅश उडायचा. त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ १९२७ साली आलं. आडवी तार ताणून जनावराच्याच धक्क्याने बंदूक उडवायची युक्ती शिकाऱ्यांना जुनीच होती. चॅम्पियननी तारेच्या दुसऱ्या टोकाला कॅमेरा बांधला. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला तोच ट्रिगर, नवा आउटपुट म्हणू. आजच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये तारेची जागा बहुधा शरीराची उष्णता आणि हालचाल टिपणाऱ्या सेन्सरने घेतली आहे, इतकाच फरक.

मुंबईत या यंत्राला काम मिळालं ते भीतीमुळे. २००२ ते २००४ या काळात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसं दगावली. २००४चा जून तर भयंकर होता. तेव्हा वर्तमानपत्रांत बिबट्या दिसायचा तो पिंजऱ्यात, दात विचकलेला. दुसरीकडे पकडलेले बिबटे याच उद्यानात आणून सोडले जात होते. पकडून भलतीकडे सोडल्याने संघर्ष वाढतो, हे विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागातल्या अभ्यासातून दाखवलं होतं. २०११मध्ये वनखात्याने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला आणि लोकांशी, पत्रकारांशी बोलणं वाढवलं. २०१५च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात निकित सुर्वे यांना उद्यान आणि आसपास किमान ३५ बिबटे आढळले. अंगावरच्या ठिपक्यांवरून प्रत्येक बिबट्या वेगळा ओळखता येतो. ‘नरभक्षक’ या एका शब्दाच्या जागी ३५ वेगवेगळे शेजारी आले. खानोलकरांचा फोटो लोकांपुढे आला तो या सगळ्यानंतर, म्हणून तो नुसता देखणा फोटो राहत नाही.

अर्थात, बिबट्याला शेजारी म्हणणं आरेतल्या वारल्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचा वाघोबा दगडावर किंवा लाकडावर कोरलेला असतो, बरेचदा चंद्रसूर्यासोबत, शेंदूर फासलेला. त्याच्या नावात वाघ आणि बिबट्या दोन्ही येतात. वाघबारशीला त्याची पूजा होते. त्यात निव्वळ प्रेम आहे असं समजू नये. माणसं सांभाळ, गुरं सांभाळ, असं मागणं आहे, आणि भीती तर आहेच. पण त्या भीतीतून जनावराला हाकलून देण्याची मागणी येत नाही. सरकारी पोस्टरवर हे कधी नीट उतरलेलं मी पाहिलेलं नाही. तिथे वारली चित्रकलेतली त्रिकोणी माणसं कडेच्या नक्षीपुरती येतात.

ती माणसं खरोखर कडेलाच होती. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवायला सांगितलं, तेव्हा झोपडपट्ट्यांबरोबर जुन्या आदिवासी पाड्यांचाही प्रश्न उभा राहिला. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतल्या प्रजापूरपाड्यातली घरं हलवली गेली. ४ ऑक्टोबर २०१९ला न्यायालयाने आरेबाबतच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. आरे जंगल आहे की नाही, असा वाद चालला होता आणि बिबट्याचा पुरस्कारविजेता फोटो तिथलाच होता! पुढे २०२०मध्ये सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याची घोषणा झाली. फोटोमुळे झाली असं मी म्हणणार नाही. रस्त्यावर उतरलेली, रात्र कोठडीत काढलेली तरुण मुलं त्यामागे होती, आणि पाड्यांवरची माणसंही.

आणि जुनी तार अजून गेलेली नाही. रानडुकरासाठी लावलेल्या फाशात बिबटेही अडकतात. १९७२च्या कायद्याने बिबट्याला सर्वोच्च संरक्षण दिलं आहे, पण फासा लावायला मोटारसायकलच्या क्लचची केबलसुद्धा पुरते. उद्यानाचे कर्मचारी आणि स्वयंसेवक झुडपांत वाकून, हाताने चाचपत हे फासे काढत फिरतात. या कामाचे फोटो फारसे कुठे दिसत नाहीत.