वेताळाचा प्रश्न, लाकडी हंस आणि यंत्रमानव

पेडणे महालातील एखाद्या जत्रेत रात्रभर बसून दशावताराचा काला पाहिलेल्या वाचकास पुढील गोष्ट सांगावयास नको. मांडावर पेटारा येतो, मृदंगावर थाप पडते, झांज वाजू लागते, सूत्रधार पुढे येतो. परंतु त्या मंडळींपैकी कोणाच्याही हाती लिहिलेले नाटक नसते. आख्यान कोणते लावावयाचे, एवढे ठरलेले असते. कथेचा सांगाडा सर्वांस ठाऊक असतो आणि संवाद मात्र तेथेच, त्या क्षणी घडतात. पूर्वरंगात येणारा संकासुर तर चोरच. त्याने ब्रह्मदेवाचे वेद पळविलेले असतात. सूत्रधार त्याला प्रश्न विचारतो, तो आडवीतिडवी उत्तरे देतो आणि प्रेक्षक हसता हसता खऱ्याखोट्याचा निवाडा करीत राहतो.

हे सारे आठवण्याचे कारण थोडे अनपेक्षित आहे. संगणकावरील खेळांचा एक जुना प्रकार असा आहे की त्यात चित्र नसते, आवाजही नसतो. असतो तो केवळ मजकूर. पडदा सांगतो, तुम्ही एका खोलीत आहात, समोर बंद दार आहे. खेळणाऱ्याने आपली आज्ञा टंकित करावयाची: दार उघड, दिवा घे, नोकराला रात्रीविषयी विचार. त्या आज्ञेनुसार कथा पुढे सरकते किंवा अडते. यांना आपण सोयीसाठी ‘कथाखेळ’ म्हणू. या कथाखेळांत गुन्ह्याचा शोध आणि यंत्रमानव हे दोन विषय आरंभापासून लोकप्रिय ठरले. ही कथनपद्धती आपणांस वाटते तितकी परकी आहे काय, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या घरातील जुनी पेटी उघडू. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. त्याचे मूळ गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त, आणि गुणाढ्य हा, परंपरेनुसार, प्रतिष्ठानच्या म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहन राजाचा मंत्री. या ग्रंथात राज्यधर नावाच्या सुताराची कथा आहे. कांची नगरीत प्राणधर आणि राज्यधर हे दोघे बंधू लाकडी यंत्रे करण्यात निष्णात होते. थोरल्या प्राणधराने व्यसनापायी घरचे द्रव्य उधळले आणि मग लाकडाचे दोन हंस घडविले. रात्री दोरी ओढली की ते हंस खिडकीवाटे राजाच्या कोषागारात शिरत, चोचीने रत्ने उचलीत आणि परत येत. कुलपे शाबूत, दारे बंद, तरी रत्ने नाहीशी! आजच्या रहस्यकथाकारांस प्रिय असलेला हा बंद खोलीतील चोरीचा प्रकार होय. अखेरीस पहारा बसला, हंस पकडले गेले. इकडे हातातील दोरी सैल पडताच प्राणधराने ताडले की आता राजा आपल्या दारी येणार; कारण असे यंत्र घडविणारे हात नगरीत दुसऱ्या कोणाचे नाहीत, हे राजास ठाऊक होते. कारागिरीवरून कारागीर ओळखणे, ही गुन्हेशोधाची मूळ रीतच येथे दिसते. दोघे बंधू आपण बनविलेल्या वायुयंत्रांतून निसटले.

याच कथेचा दुसरा भाग आमच्या विषयास अधिक जवळचा आहे. राजपुत्र नरवाहनदत्त प्रवासात एका समुद्रकाठच्या नगरात येतो. रस्त्यात व्यापारी आहेत, स्त्रिया आहेत, नागरिक ये-जा करीत आहेत. परंतु ते सर्व लाकडाचे आहेत. हालचाल हुबेहूब सजीवांची. ते निर्जीव आहेत हे राजपुत्राने ओळखले ते एकाच खुणेवरून: त्यांपैकी कोणी बोलत नव्हते. राजवाड्यात बसलेला एकटा राज्यधर तेवढा जिवंत होता. यंत्र आणि मनुष्य यांतील सीमा वाणीची आहे, हा विचार येथे कथेच्या ओघात सहज सांगून टाकलेला आहे.

याच शतकात धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आला आणि त्यात लाकडी सेवक व द्वारपाल यांचेही वर्णन आहे. ‘सूत्रधार’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. वास्तू आखणारा तो सूत्रधार, नाटक चालविणारा तो सूत्रधार, आणि बाहुलीची दोरी ज्याच्या बोटांत आहे तोही सूत्रधारच. सन १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलात होता. त्यामुळे कुडाळनजीकच्या पिंगुळीतील ठाकर समाजाने जतन केलेल्या कळसूत्री बाहुल्या आणि आपल्याकडचा काला ही एकाच सांस्कृतिक मुलखाची लेणी आहेत. पिंगुळीची बाहुलीही स्वतः बोलत नाही. तिची वाणी सूत्रधाराची असते.

आता वेताळाकडे वळू. गोमंतकात वेताळ हा पोथीपुरता नाही. तो ग्रामदैवत आहे. डिचोली तालुक्यातील आमोणे येथील बेताळ कोणास ठाऊक नाही? पोथीतील वेताळाच्या पंचवीस कथाही सोमदेवाच्या त्याच ग्रंथात समाविष्ट आहेत, आणि मराठीत मुद्रित गद्याचा आरंभ होत असतानाच, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळ पंचविशी’ मराठीत आणली. या कथांची घडण मोठी चतुर आहे. राजाच्या खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ. वेताळ कथा सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो: यात दोषी कोण? श्रेष्ठ कोण? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तक फुटेल. बोलला तर मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकेल. ऐकणाऱ्याच्या उत्तरावाचून येथे कथेचे पाऊल पुढे पडत नाही. श्रोता हा कथेचा अर्धा कर्ता आहे. आपल्या आज्यांनाही हे उमजलेले होते. नातवंडांकडून हुंकार येईनासा झाला की त्या गोष्ट थांबवीत.

हा ऐवज मनात ठेवून आधुनिक यंत्रमानवाकडे पाहावे. ‘रोबो’ हा शब्द झेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. तो सुचविला त्यांचे बंधू योसेफ यांनी, आणि त्याचे मूळ वेठबिगार या अर्थाच्या झेक शब्दात आहे. पुढे आयझॅक आसिमोव्ह यांनी १९४२ साली यंत्रमानवांचे तीन नियम मांडले. यंत्रमानवाने मनुष्यास इजा करू नये, वा स्वस्थ राहून इजा होऊ देऊ नये. त्या नियमास बाध न येता मनुष्याची आज्ञा पाळावी. आणि या दोहोंस बाध न येता स्वतःचे रक्षण करावे. विज्ञानकथेत गुन्ह्याचा शोध प्रामाणिकपणे रंगविता येणार नाही, कारण लेखक ऐन वेळी नवे यंत्र काढून पेच सोडवील, असा त्या काळी संपादक जॉन कॅम्पबेल यांचा आक्षेप होता. त्यास उत्तर म्हणून आसिमोव्ह यांनी १९५४ साली ग्रंथरूपाने आलेल्या कादंबरीत मानवी गुप्तहेर आणि यंत्रमानव यांची जोडी तपासाला लावली. नियम वाचकास आधीच सांगितलेले असल्यामुळे फसवणुकीस जागा उरली नाही.

दशावताराच्या प्रेक्षकास ही युक्ती परिचयाची आहे. हिरण्यकशिपूस वर मिळाला: मरण मनुष्याकडून नको आणि पशूकडूनही नको, दिवसा नको आणि रात्रीही नको, घरात नको आणि बाहेरही नको. अटी प्रारंभीच जाहीर होतात. पुढे सर्व कुतूहल एकाच गोष्टीचे, की एकही अट न मोडता वाट कशी निघणार? संध्याकाळ, उंबरठा आणि नरसिंह हे उत्तर एकदा सापडले की वाटते, हे तर आपल्यासमोरच होते! उत्तम रहस्यकथेचे लक्षण याहून वेगळे काय सांगावे? पुराणातील वर आणि यंत्रमानवाचे नियम यांची जात एकच आहे.

कथाखेळांचा इतिहास अर्धशतकाचा आहे. गुहा धुंडाळण्याचा छंद असलेले अमेरिकन संगणकतज्ज्ञ विल क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास केंटकीतील मॅमथ गुहेवर आधारित पहिला गाजलेला खेळ रचला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी तो वाढविला. १९८२ साली इन्फोकॉम या कंपनीचा ‘डेडलाइन’ आला. त्यात एक धनिक आपल्या बंद ग्रंथालयात मृत आढळतो आणि खेळणाऱ्यास बारा तासांत तपास पुरा करावयाचा असतो. संगणकाच्या तबकडीत न मावणारी माहिती जबान्या व पोलिसी कागद यांच्या रूपाने खोक्यातून दिलेली असे. घरातील माणसे आपापल्या वेळापत्रकाने वावरत. चुकीच्या वेळी भलता प्रश्न विचारला तर पुरावा हातचा जाई.

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, मायकेल बर्लिन यांचा ‘सस्पेंडेड’ हा खेळ आला. कथनाच्या दृष्टीने तो आम्हांस सर्वांत विचारप्रवर्तक वाटतो. खेळणारा एका भूमिगत केंद्रात गोठवून निद्रिस्त ठेवलेला आहे. शहराचे हवामान, वाहतूक आणि अन्न सांभाळणारी यंत्रणा भूकंपाने बिघडली आहे आणि वर माणसे मरत आहेत. त्याला स्वतः हलता येत नाही, पाहता येत नाही. त्याच्या हाताशी सहा यंत्रमानव आहेत. एक पाहणारा, एक ऐकणारा, एक कंपने ओळखणारा, एक स्पर्शाने जाणणारा, एक माहितीच्या भांडारातून उत्तरे आणणारा, आणि एक कवीप्रमाणे कोड्यात बोलणारा. एकच खोली सहा जण सहा प्रकारे सांगतात. त्यांतील कोणी खोटे बोलत नाही. परंतु कोणाचेही सांगणे पुरे नाही. आपल्याकडील हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टांत येथे साक्षात खेळावयास मिळतो. तपास म्हणजे अपुऱ्या साक्षी जुळवून सत्य उभे करणे. हे काम यंत्र करीत नाही, ते खेळणाऱ्याचे आहे.

मराठीत या विषयाचे दोन धागे बराच काळ वेगळे राहिले. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांनी मराठी वाचकास झुंजार आणि काळापहाड दिले. विज्ञानकथेस प्रतिष्ठा लाभली ती १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतून. १९७४ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा तेथे धाडली आणि पारितोषिक मिळविले. बाळ फोंडके यांच्या लेखनात विज्ञान आणि गुन्ह्याचा शोध हे धागे एकत्र आले. परंतु हे सर्व छापील पानावरचे. क्राउदरच्या गुहेपासून ‘सस्पेंडेड’च्या भूमिगत केंद्रापर्यंत ज्या खेळांचा वर उल्लेख केला, त्यांपैकी प्रत्येक इंग्रजीतच ऐकत आणि इंग्रजीतच बोलत असे. ‘दिवा घे’ म्हटले तर तेथे कोणतीही वात पेटत नव्हती. आपल्या घरांतील ज्या मुलांनी हे खेळ खेळले, त्यांनी अंधारात चाचपडताना परकी क्रियापदे वापरली.

येथे गुणाढ्याची दंतकथा आठवते. पैज हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग केला व आपली महाकथा पैशाचीत लिहिली. राजाने ती भाषा हीन म्हणून ग्रंथ झिडकारला, तेव्हा त्याने अरण्यात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवीत ते अग्नीत टाकले. सात लाख श्लोकांपैकी एक लाखच उरले. दंतकथा बाजूस ठेवली तरी इतिहास इतका खरा की मूळ पैशाची ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. कथा इतर भाषांच्या आश्रयाने तरली, तिची स्वतःची वाणी बुडाली. यंत्रांच्या कथाही आपल्यावाचून अडून राहणार नाहीत. प्रश्न आपल्या वाणीचा आहे.

ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली सुचविले होते की पडद्याआडून लेखी प्रश्न विचारावेत आणि उत्तरांवरून पलीकडे मनुष्य आहे की यंत्र हे ठरवावे. नरवाहनदत्ताची खूण आता उलटली आहे. आज यंत्रे बोलतात, मराठीतही बोलतात, आणि मोठ्या आत्मविश्वासाने बोलतात. तेव्हा मनुष्याची खूण आता कोठे शोधावी? आम्हांस वाटते, ती वेताळाच्या अखेरच्या कथेत आहे. पिता आणि पुत्र यांनी चुकून कन्या आणि माता यांच्याशी विवाह केले. त्यांच्या संततीचे परस्पर नाते काय? आजवर प्रत्येक प्रश्नास उत्तर देणारा राजा येथे गप्प राहतो. त्याला उत्तर सुचत नाही आणि तो सुचल्याचे सोंग करीत नाही. वेताळ प्रसन्न होतो तो या मौनावर, आणि राजाचा घात करू पाहणाऱ्या भिक्षूचे कपट त्याला उघड करून सांगतो.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. पेडणे आणि डिचोलीत ज्यांना आख्याने मुखोद्गत आहेत अशी माणसे अद्याप आहेत, आणि त्यांच्याच घरांत संगणक हाताळणारी नातवंडेही आहेत. दोघांनी मिळून एखादे आख्यान, निदान संकासुराच्या चोरीचे, मराठी कथाखेळाच्या रूपात उतरवावे. प्रश्न कसा विचारावा हे नातवंडांना कळेल, आणि उत्तर कोठे राखून ठेवावे हे आजोबांना ठाऊकच आहे. गोष्ट सांगणाऱ्यास हुंकार हवा असतो; तो मराठीतून देणारे कोणी समोर बसलेले असावे, एवढीच अपेक्षा.