तीन फुटांचा इतिहास

काही वर्षांपूर्वी वसईतील एका वाडीत घराच्या पायास आशीर्वाद देण्यासाठी आम्हांस बोलावणे आले होते. जागेवर पोहोचलो तेव्हा चर खणून झाले होते, रेती-खडीचे ढीग पडले होते. काम मात्र थांबले होते. घर बांधणाऱ्या गृहस्थांच्या सातबाराच्या उताऱ्यावर साडेसहा गुंठे क्षेत्र लिहिले होते. त्यावरून त्यांनी आपल्या लांबट जागेची रुंदी ३९ फूट धरली. शेजारच्या चुलत बंधूंचे म्हणणे, रुंदी ३६ फूटच आहे आणि चर आमच्या माडांच्या मुळाशी आला आहे. दोन्ही घरांतले बोलणे बंद पडले होते. ‘‘फादर, सरकारी कागद खोटे बोलेल काय?’’ असा प्रश्न घरधन्यांनी आम्हांस केला.

प्रश्न साधा होता. उत्तर शोधताना मात्र आम्हांस जवळजवळ दोनशे वर्षे मागे जावे लागले.

आपल्या भूमीची मोजणी इंग्रजांच्याही आधीची आहे. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी ठरविली होती. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद अशा जमिनीचा एक बिघा व एकशेवीस बिघ्यांचा एक चावर होई. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी नवी मोजणी हाती घेतली. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७-२८ च्या सुमारास पुणे भागात हे काम आरंभिले. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न हिशेबाने काढावयाचे आणि त्यातील शेकडा ५५ भाग सरकारने घ्यावयाचा, असा त्याचा बेत होता. कागदावर तो निर्दोष दिसे. प्रत्यक्षात मोजणीत चुका राहिल्या, हाताखालच्या नोकरवर्गाने लाच खाल्ली, उत्पन्नाचे आकडे फुगले, आणि त्यातच धान्याचे भाव उतरले. इंदापूर तालुक्यातील कित्येक कुणब्यांनी जमिनी टाकून गाव सोडले. चुकीच्या आकड्यामुळे माणूस देशोधडीस लागतो, हे आपल्या प्रांताने त्या काळी पाहिले.

ती चूक निस्तरण्याचे काम १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांकडे आले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा गुंतागुंतीचा हिशेब सोडून दिला, मातीचा कस आण्यांत ठरविला आणि तीस वर्षांसाठी माफक दर बांधून दिले. डेव्हिडसन यांच्यासह त्यांनी १८४७ मध्ये सादर केलेला संयुक्त अहवाल हा मुंबई इलाख्यातील मोजणीपद्धतीचा पाया ठरला. कोकणातील आपल्या वाड्याही पुढे याच पद्धतीच्या नकाशांत बसल्या.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ही मोजणी शेतसाऱ्यासाठी होती, घराच्या भिंतीसाठी नव्हती. एका बैलजोडीने कसता येईल एवढी जमीन हा सर्व्हे नंबराचा साधारण आदर्श होता. मोजण्याचे साधन ३३ फुटांची लोखंडी साखळी; तिच्या चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. वर्षानुवर्षे ओढली जाणारी साखळी केवळ तीन इंचांनी ताणली गेली, तरी एकराच्या शेतातील सुमारे ६६० चौरस फूट जागा कागदावरून नाहीशी होते. शेतसाऱ्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ; पण तेवढ्या जागेत एका बेताच्या कुटुंबाचे घर उभे राहते.

नकाशाचेही तसेच आहे. पुष्कळ जुने गावनकाशे एका इंचास ३३० फूट या प्रमाणावर काढलेले आहेत. अशा नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ भूमीवर सुमारे साडेसहा फूट व्यापते. आमच्या वाडीतील तीन फुटांचा तंटा त्या रेघेच्या आतच बुडून गेला असता. म्हणून जाणकार मोजणीदार केवळ गावनकाशावर विसंबत नाही. मूळ मोजणीचे टिपण, पोटहिश्शाची फाळणी आणि जागेवरील जुन्या खुणा पडताळून मगच हद्द दाखवितो.

याखेरीज लेखणीच्या चुका आहेतच. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. त्यानंतर घरोघरच्या वाटण्या, फेरफार, १९४७ च्या कायद्याखालील एकत्रीकरण आणि एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करणे, अशा प्रत्येक टप्प्यावर आकडे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरविले गेले. दर वेळी उतरविणारा हात मानवाचाच होता. गावठाणातील घरांना तर बहुधा स्वतंत्र सर्व्हे नंबरही नव्हते. ती मोजण्याचे काम २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ड्रोनच्या साहाय्याने हाती घेतले.

आमच्या सल्ल्याने दोन्ही बंधूंनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला. जुन्या कागदांत आजोबांच्या काळची वाटणीची नोंद सापडली: बारा गुंठे, सहा-सहाचे समान हिस्से. पुढे नवी वही लिहिताना एकाचे साडेसहा व दुसऱ्याचे साडेपाच झाले होते. जागेची लांबी सुमारे १८१ फूट. अर्ध्या गुंठ्याची चूक त्या लांबीवर पसरली की बरोबर तीन फुटांची पट्टी होते. मोजणीही जुन्या बांधावरच आली. कोणी कोणाची भूमी चोरली नव्हती. कोण्या एका कारकुनाची लेखणी घसरली होती, आणि तिच्यापायी दोन घरे एकमेकांस चोर समजत होती.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५५ मध्ये हक्कनोंदीतील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. त्याच कलमात आणखी एका प्रकारच्या चुकीचा उल्लेख आहे: संबंधित पक्षांनी स्वतः मान्य केलेली चूक. पाप कबूल केल्यावाचून क्षमा नाही, हे आम्ही आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आलो. महसुलाच्या कायद्यातही कबुलीस असे स्थान असावे, याचे आम्हांस नवल वाटले. घरधन्यांना अर्धा गुंठा सोडणे जड गेले. आराखडा बदलावा लागला, एक खोली अरुंद झाली, खणलेला चर बुजवावा लागला. पण त्यांनी सही केली.

म्हणून आमची विनंती एवढीच की, कुदळ मारण्यापूर्वी मोजणी करून घ्यावी, शेजाऱ्याला त्या वेळी बोलवावे, आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घरात जपून ठेवावी. शेजाऱ्याच्या शेताची सीमाखूण सरकवू नये, ही आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे. पुष्कळदा ती खूण कोणी सरकविलेली नसते. कागदावर ती आपोआप सरकलेली असते. अशा वेळी ती मूळ जागी आणून ठेवणे, हाही त्या आज्ञेच्या पालनाचाच भाग आहे.

पुढे ते घर पुरे झाले. दोन घरांमधील बांधावर आज एक लहानसे फाटक आहे. त्यास कुलूप नाही.