नवउष्णकटिबंधीय कीटकांचा शोध व वर्गीकरण

दक्षिण अमेरिका, मध्य अमेरिका, मेक्सिकोचा दक्षिणेकडील सखल भाग व वेस्ट इंडीज बेटे मिळून होणाऱ्या प्राणिभौगोलिक प्रदेशास नवउष्णकटिबंधीय किंवा निओट्रॉपिकल प्रदेश म्हणतात. फिलिप लटली स्क्लेटर यांनी १८५८ मध्ये पक्ष्यांच्या प्रसारावरून जगाचे सहा विभाग पाडले, त्यांपैकी हा एक होय. ॲल्फ्रेड रसेल वॉलिस यांनी १८७६ मध्ये ही विभागणी इतर प्राण्यांनाही लागू केली. ॲमेझॉन नदीचे खोरे, अँडीज पर्वताचे उतार व ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरील अरण्य यांमुळे कीटकांच्या विविधतेत हा प्रदेश अतिशय संपन्न आहे.

एखाद्या कीटकाची नवी जाती ‘सापडली’ असे म्हणतात, तेव्हा त्यात तीन भिन्न क्रियांचा समावेश असतो : कीटक पकडून त्याचा नमुना टिकविणे, तो ज्ञात जातींहून वेगळा आहे हे ओळखणे आणि त्याचे वर्णन नावासह प्रसिद्ध करणे. या क्रिया बहुधा निरनिराळ्या व्यक्तींनी, निरनिराळ्या देशांत व कित्येकदा अनेक दशकांच्या अंतराने केलेल्या असतात. नवउष्णकटिबंधीय कीटकांच्या अभ्यासाचा इतिहास हा मुख्यतः या अंतराचा इतिहास आहे. कीटक राहतो ते अरण्य आणि त्याचे नाव ठरते ते संग्रहालय यांचा संबंध जेव्हा जेव्हा जुळला, तेव्हा तेव्हा या शास्त्रात महत्त्वाची भर पडली.

प्रारंभिक काळ : या प्रदेशातील कीटकांचे पहिले मोठे पद्धतशीर निरीक्षण मारिआ सिबिला मेरिआन (१६४७–१७१७) या जर्मन चित्रकर्तीने केले. धाकट्या मुलीला बरोबर घेऊन १६९९ मध्ये त्या सुरिनाम या डच वसाहतीत गेल्या व आजारपणामुळे १७०१ मध्ये परतल्या. १७०५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ६० चित्रफलक असून अळी, कोश व प्रौढ कीटक या अवस्था खाद्य वनस्पतीसह दाखविलेल्या आहेत. कीटक व वनस्पती मिळवून देण्याचे काम बव्हंशी तेथील मूळ रहिवासी व आफ्रिकेतून आणलेले गुलाम यांनी केले. त्यांच्या साहाय्याचा उल्लेख मेरिआन यांनी केला असला, तरी त्यांची नावे मात्र नोंदली गेली नाहीत.

स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस (१७०७–७८) यांनी १७५८ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत द्विनाम पद्धती सर्व प्राण्यांना लावली. प्राणिनामांची अग्रता याच वर्षापासून मोजतात. मेरिआन यांच्या चित्रांचा आधार लिनीअस यांनी कित्येक जातींसाठी घेतला. ‘कंदील कीटक’ रात्री डोक्यातून प्रकाश देतो, असे मेरिआन यांनी लिहिले होते व त्यावरूनच त्याला लॅटर्नेरिया हे जातिनाम मिळाले. तो प्रकाश देत नाही हे पुढे सिद्ध झाले, परंतु नाव कायम राहिले. जातीचे नाव ही तिची ओळख पटविणारी खूण असते, वर्णन नव्हे, हे यावरून ध्यानात येते.

लिनीअस यांनी कीटकांचे सात गण मुख्यतः पंखांवरून पाडले. त्यांचे शिष्य योहान क्रिस्टिआन फाब्रिसिउस (१७४५–१८०८) यांनी मुखांगांच्या रचनेस महत्त्व देऊन सुमारे १०,००० कीटकांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांत दक्षिण अमेरिकेतून यूरोपीय संग्राहकांकडे आलेले पुष्कळ नमुने होते. अशा नमुन्यांवर स्थळाची नोंद अनेकदा फक्त ‘अमेरिका’ किंवा ‘इंडीज’ एवढीच असे.

संग्राहकांचे युग : हेन्री वॉल्टर बेट्स (१८२५–९२) व वॉलिस (१८२३–१९१३) हे दोन तरुण इंग्रज मे १८४८ मध्ये ब्राझीलमधील पारा (सध्याचे बेलेंग) येथे उतरले. लंडनमधील दलालामार्फत नमुने विकून खर्च भागवावयाचा, अशी त्यांची योजना होती. वॉलिस १८५२ मध्ये परत निघाले असता जहाजाला आग लागून त्यांच्या जवळचा संग्रह नष्ट झाला. बेट्स मात्र ११ वर्षे राहिले. त्यांच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे त्यांनी प्राण्यांच्या १४,७१२ जाती जमविल्या. त्यांत कीटकच फार मोठ्या संख्येने होते आणि सुमारे ८,००० जाती शास्त्राला नव्या होत्या.

बेट्स यांचे महत्त्व केवळ या संख्येत नाही. विषारी किंवा बेचव अशा हेलिकोनिअस व तत्सम फुलपाखरांसारखीच दिसणारी, परंतु अगदी वेगळ्या कुलातील फुलपाखरे त्याच अरण्यात उडतात, हे त्यांनी पाहिले होते. एका प्रदेशातून दुसऱ्यात गेले असता बेचव जातीचे रंग बदलतात आणि त्यांबरोबर नकलाकाराचेही बदलतात. पक्षी अशा फुलपाखरांना टाळतात व त्यामुळे नकलाकाराला संरक्षण मिळते, असे स्पष्टीकरण त्यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नैसर्गिक निवडीच्या आधारे दिले. त्यास ‘बेट्सीय अनुकृती’ म्हणतात. दोन्ही जाती बेचव असूनही एकमेकींसारख्या का दिसतात, याचे उत्तर ब्राझीलमध्ये स्थायिक झालेले जर्मन निसर्गवैज्ञानिक फ्रिट्झ म्यूलर यांनी १८७८ मध्ये दिले : भक्षकाला धडा शिकविताना होणारी हानी दोन्ही जातींत वाटली जाते. केवळ बाह्य साम्यावरून कीटकांचे गट पाडणे किती फसवे आहे, हे या दोन्ही शोधांनी दाखवून दिले.

संग्राहकांच्या या युगाचा कळस म्हणजे फ्रेडरिक डुकेन गॉडमन व ऑझ्बर्ट सॅल्व्हिन यांनी संपादिलेला मध्य अमेरिकेच्या जीवसृष्टीवरील ग्रंथ होय. १८७९ ते १९१५ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ६३ खंडांत सुमारे ५०,००० प्राणिजातींची नोंद असून त्यांपैकी १९,००० हून अधिक जाती प्रथमच वर्णिलेल्या होत्या. त्यांत कीटकांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

प्ररूप नमुना : नाव ज्या एका नमुन्याशी कायमचे बांधलेले असते त्यास प्ररूप नमुना म्हणतात. जुन्या नावाविषयी शंका उद्‌भवल्यास वर्णनापेक्षा या नमुन्याचा निर्णय अंतिम मानतात. नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची जागा १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय संहितेने घेतली आणि संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नियम सर्वांना सारखेच असले, तरी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील बहुतेक प्ररूपे लंडन, पॅरिस, बर्लिन इ. ठिकाणी गेलेली होती. त्यामुळे ब्राझील वा पेरू येथील अभ्यासकास आपल्या अंगणातील भुंगेऱ्याचे नाव निश्चित करण्यासाठीही समुद्रापलीकडील संग्रहावर अवलंबून राहावे लागे.

स्थानिक संस्था व वैद्यकीय गरज : बेलेंग येथील गोएल्डी संग्रहालयाची स्थापना १८६६ मध्ये झाली, तर साऊँ पाउलू येथील संग्रहालय १८९५ मध्ये खुले झाले. तथापि स्थानिक कीटकविज्ञानाला खरी चालना रोगनिवारणाच्या कार्याने दिली. आदॉल्फो लुट्झ (१८५५–१९४०) यांनी ब्राझीलच्या किनारी डोंगरांत लोहमार्गाच्या कामगारांमध्ये पसरलेल्या हिवतापाचा शोध घेतला. वृक्षांवर वाढणाऱ्या ब्रोमेलिया कुलातील वनस्पतींच्या पानांत साठलेल्या पाण्यात तेथील डास वाढतो, असे त्यांना आढळले. दलदली बुजवून हा हिवताप हटणारा नव्हता. कार्लुस शागास (१८७९–१९३४) यांनी १९०९ मध्ये मीनास झेराइस राज्यात, झोपडीच्या भिंतींतील भेगांत राहून रात्री रक्त शोषणाऱ्या ढेकणामार्फत पसरणारा एक नवा रोग शोधून काढला. हा रोग आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्या ढेकणाला शास्त्रीय नाव १८३५ मध्येच मिळालेले होते, परंतु त्याच्या जीवनक्रमाकडे तोवर कोणी पुरेसे लक्ष दिले नव्हते. आंझेलू दा कोस्ता लिमा (१८८७–१९६४) यांचा ब्राझीलच्या कीटकांवरील १२ खंडांचा पोर्तुगीज ग्रंथ १९३८ ते १९६२ या काळात पूर्ण झाला. माणाऊस येथे ॲमेझॉन संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९५२ मध्ये स्थापन झाली.

वर्गीकरणाच्या तत्त्वांतही याच सुमारास मूलगामी बदल झाला. जर्मन कीटकवैज्ञानिक व्हिली हेन्निग (१९१३–७६) यांनी १९५० मध्ये असे प्रतिपादन केले की, गट हे सामाईक पूर्वजापासून आलेल्या नव्या लक्षणांवरूनच पाडले पाहिजेत. केवळ साम्य पुरेसे नाही. वर्गीकरण हे क्रमविकासाचे निदर्शक असावे, हा विचार त्यानंतर रूढ झाला.

वृक्षमाथ्यावरील कीटक : टेरी अर्विन (१९४०–२०२०) या अमेरिकन शास्त्रज्ञांनी पनामामध्ये लुएहीआ सीमानी या एकाच जातीच्या १९ वृक्षांच्या माथ्यावर कीटकनाशकाचे धुके सोडून खाली पडलेले कीटक जमविले. त्यांत भुंगेऱ्यांच्या सुमारे १,२०० जाती आढळल्या. त्यांपैकी अंदाजे १६३ जाती त्याच वृक्षावर अवलंबून असाव्यात असे गृहीत धरून आणि उष्ण प्रदेशात वृक्षांच्या ५०,००० जाती आहेत असे मानून त्यांनी १९८२ मध्ये उष्णकटिबंधातील संधिपाद प्राण्यांच्या जाती ३ कोटींपर्यंत असाव्यात, असा अंदाज मांडला. पुढील अभ्यासांत कीटकांचे वृक्षावलंबित्व इतके काटेकोर नसल्याचे दिसून आले व कीटकांच्या जगभरच्या जातींचा अंदाज सुमारे ५५ लाखांपर्यंत खाली आला. तरीही नाव मिळालेल्या जाती १० लाखांच्या आसपासच आहेत. म्हणजे बहुसंख्य कीटक अद्याप अनामिकच आहेत.

आधुनिक पद्धती : कॉस्टा रीका या देशात १९८९ मध्ये स्थापन झालेल्या जैवविविधता संस्थेने ग्रामीण स्त्रीपुरुषांना कीटक गोळा करणे, टोचणे व त्यांची प्राथमिक छाननी करणे यांचे शिक्षण दिले. त्याच देशातील ग्वानाकास्ते येथे डॅनिएल जॅन्झन, विनिफ्रेड हॉलवॉक्स व त्यांचे स्थानिक सहकारी यांनी अनेक वर्षे अरण्यातील अळ्या त्यांच्या खाद्य वनस्पतींवर वाढविल्या. १७७५ मध्ये नाव मिळालेले ॲस्ट्रॅप्टिस फुल्गरेटर हे फुलपाखरू एकच जाती समजले जात असे. परंतु वेगवेगळ्या वनस्पतींवरील त्याच्या अळ्यांचे रंग भिन्न होते. डीएनएच्या एका ठराविक लहान खंडाची, म्हणजे डीएनए बारकोडची, तुलना केल्यावर २००४ मध्ये तेथे त्याच्या दहा जाती असल्याचे जाहीर झाले. ही संख्या काही अभ्यासकांनी कमी मानली, तथापि ‘एका’ जातीत अनेक दडलेल्या होत्या हे सर्वमान्य झाले. मेरिआन यांनी तीन शतकांपूर्वी ज्या अळी-वनस्पती संबंधाची चित्रे काढली, त्याचीच ही पुढील पायरी होय.

२०२१ मध्ये कॉस्टा रीकामधील ब्रॅकॉनिडी कुलातील परजीवी गांधील माश्यांच्या ४०३ नव्या जाती एकाच निबंधात, मुख्यतः बारकोड व छायाचित्र यांवरून प्रसिद्ध करण्यात आल्या. अरण्ये नष्ट होण्याचा वेग पाहता सविस्तर वर्णनांची वाट पाहणे परवडणारे नाही, असे या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे आहे. ज्यांच्यापाशी प्रयोगशाळा नाही त्यांना अशा जाती ओळखताच येणार नाहीत, असा विरोधकांचा आक्षेप आहे. नाव देणे व ओळखता येणे यांतील अंतर येथे नव्या रूपात पुढे आले आहे.

व्यावहारिक महत्त्व : मूळच्या ब्राझीलमधील साल्व्हिनिया या तरंगत्या तणाने केरळसह अनेक ठिकाणची जलाशये व्यापली होती. या वनस्पतीची ओळख प्रारंभी चुकीची झाल्याने तिचे शत्रुकीटकही भलत्याच जातीवरून आणले गेले व ते निष्प्रभ ठरले. १९७२ मध्ये तिला स्वतंत्र जातीचे नाव मिळाले आणि १९७८ मध्ये आग्नेय ब्राझीलमध्ये तिचे मूळ स्थान सापडले. तेथील सोंडा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील एका सरोवरात सोडताच तण झपाट्याने हटले. हा सोंडाही आधी वापरलेल्या जातीहून वेगळा निघाला व त्याला १९८५ मध्ये सिर्टोबॅगस साल्व्हिनी हे नाव देण्यात आले.

पपईवरील पिठ्या ढेकणाचे उदाहरण महाराष्ट्राच्या अधिक जवळचे आहे. त्याचे नमुने मेक्सिकोत १९५५ मध्ये गोळा झाले होते, परंतु पॅराकॉकस मार्जिनेटस हे नाव त्यास १९९२ मध्ये मिळाले. २००८ मध्ये तो तमिळनाडूत व नंतर लवकरच महाराष्ट्रातील बागांतही आढळला. त्याच्यावर जगणारी ॲसेरोफॅगस पपायी ही सूक्ष्म परजीवी माशी २००३ मध्ये वर्णिलेली होती. २०१० मध्ये ती प्वेर्तो रीकोहून बंगळूर येथे आणून सोडल्यावर या किडीला आळा बसला. किडीचे व तिच्या शत्रूचे नाव आधीच निश्चित नसते, तर उपाय कोठे शोधावयाचा हेच कळले नसते.

सद्यःस्थिती : २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ दे झानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयास लागलेल्या आगीत तेथील कीटकसंग्रहाचा फार मोठा भाग भस्मसात झाला. वॉलिस यांच्या जहाजावरील नमुन्यांप्रमाणेच यांतीलही अनेक नमुने पुन्हा मिळणारे नाहीत, कारण जेथून ते आणले होते त्या अरण्यांच्या जागी आता शेते व शहरे आहेत. प्ररूप नमुना हाच नावाचा आधार असल्याने, संग्रह व अरण्य ही दोन्ही एकाच वेळी नष्ट झाल्यास जातीची ओळख पडताळून पाहण्याचे मुख्य साधन नाहीसे होते. म्हणून नवउष्णकटिबंधीय देशांतील संग्रहांचे जतन, प्ररूपांच्या छायाचित्रांचे सार्वजनिक वितरण व स्थानिक वर्गीकरणतज्ञांचे शिक्षण या गोष्टींस अरण्यरक्षणाइतकेच महत्त्व आहे.