एकाच भुलीत निदान आणि शस्त्रक्रिया

१९७४ साली अमेरिकेतल्या पत्रकार रोझ कुशनर यांच्या हाताला स्तनातली गाठ लागली. तेव्हाची तिथली पद्धत बघा: भूल द्यायची, गाठीचा तुकडा लगेच तपासायचा, कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत अख्खा स्तन काढायचा. संमतीची सही आधीच घेतलेली. म्हणजे बाईला निदान कळणार ते शुद्धीवर आल्यावर, छाती चाचपून! आपण शोधनिबंधात ‘प्रस्थापित पद्धत’ असं सहज लिहून जातो. ही कोणाच्या सोयीची होती, तुम्हीच सांगा. कुशनर अडून बसल्या. आधी फक्त बायॉप्सी, पुढचं नंतर ठरवू. अनेक सर्जननी नकार दिला, तरी शेवटी तसंच झालं. पुढच्याच वर्षी त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. १९७९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ समितीने निदान आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या टप्प्यांत करा, अशी शिफारस केली. त्या समितीत कुशनरही होत्या.