पिवळे न पडलेले

जेठातल्या मंगळवारी, ‘बडा मंगल’ला, लखनौतल्या आमच्या अलीगंजात जुन्या हनुमान मंदिराच्या रस्त्यावर भंडाऱ्यांची रांग लागते. पुरी-भाजी, बुंदी, सरबत. शेजारच्या मिश्राभाभी दरवर्षी बजावतात, “दीदी, शरबत मत पीजिए, पीलिया हो जाएगा.”

भीती खरी आहे. १९९१मध्ये जवळच्या कानपुरात दूषित पाण्यातून पसरलेल्या हेपटायटिस ‘ई’च्या काविळीनं सुमारे ७९ हजार लोकांना गाठलं होतं. गर्भवतींना हा आजार जिवावर बेततो. बाकीचे बहुतेक मात्र काही आठवड्यांत बरे होतात. आणि बरं होण्याच्या याच सवयीवर मांत्रिकांचा धंदा चालला. साताऱ्याकडे, माझ्या माहेरी, कावीळ उतरवत. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळायचा, वरून चुन्याची निवळी ओतायची, की पाणी पिवळंधमक. इथं झाडतात. श्रेय दोन्हीकडे मांत्रिकालाच.

यकृताचा कर्करोग करणारे मुख्य विषाणू मात्र हेपटायटिसचे ‘बी’ आणि ‘सी’. ते पाण्यातून येत नाहीत. रक्तातून, सुईतून येतात, ‘बी’ तर बाळंतपणात आईकडूनही. जन्मताना लागण झालेल्या दहांतल्या नऊ बाळांत ‘बी’ कायमचा मुक्काम ठोकतो, आणि ही बाळं सहसा पिवळी पडतच नाहीत. मग त्यांना मांत्रिकाकडे तरी कोण नेणार?

अमेरिकन शास्त्रज्ञ ब्लुमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात ‘बी’ची खूण सापडली, ती १९६५मध्ये प्रसिद्ध झाली. कर्करोगाशी असलेलं नातं पक्कं केलं ते संशोधक बीस्ली यांनी तैवानमध्ये. २२,७०७ पुरुषांवर त्यांनी वर्षानुवर्षं नजर ठेवली. १९८१चा निष्कर्ष असा, की विषाणू बाळगणाऱ्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या २२३ पट. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ होते, आकड्यांनी सहसा दचकत नाही. या आकड्यानं दचकले. ‘बी’ आपला डीएनए यकृताच्या पेशीच्या डीएनएत घुसवतो. ‘सी’ तसं करत नाही. तो वर्षानुवर्षं यकृत सुजवत, जखमी करत नेतो आणि कर्करोग बहुधा त्या जखमांवर उगवतो.

आमच्या पिढीला टोचलं ते काचेच्या सिरिंजनं. पातेल्यात उकळायची, घाई असली तर नुसतीच विसळायची. रक्त विकणारेही तेव्हा सर्रास होते. त्यांच्यावर बंदी आली १ जानेवारी १९९८पासून. ‘सी’ विषाणू ओळखला गेला १९८९मध्ये, पण आपल्याकडे रक्ताच्या प्रत्येक पिशवीची त्यासाठी तपासणी सक्तीची झाली २००१मध्ये. मधली बारा वर्षं मला अजून बोचतात. ‘बी’ची लस सरकारी लसीकरणातून देशभर पोचली २०११मध्ये, तैवाननं ती १९८४पासूनच बाळांना द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला.

भाभींच्या यजमानांचं ऐंशीच्या दशकात ऑपरेशन झालं, रक्त चढवलं होतं. मी म्हटलं, ‘बी’ आणि ‘सी’च्या दोन्ही तपासण्या करून घ्या. ‘सी’ निघाला तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुधा जातो, सरकारी केंद्रात फुकट मिळतात. ते हसले. “पीला तो मैं कभी पड़ा ही नहीं.” मी कागदावर दोन्ही तपासण्यांची नावं लिहून भाभींच्या हातात दिली.