सोरटाचा पुठ्ठा

आमच्या लहानपणी बेलवलीतल्या वाण्याच्या दुकानात सोरटाचा पुठ्ठा टांगलेला असे. नाणे द्यावे, घडी घातलेली चिठ्ठी फाडावी आणि आतल्या आकड्याची वस्तू घ्यावी. बहुधा गोळी निघे, क्वचित शिट्टी. सर्वांचा डोळा मात्र वरच्या कोपऱ्यातल्या चेंडूवर.

मोठ्यांचे सोरट म्हणजे मटका. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत आकडा लावला जाई. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा आकडे मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून निघू लागले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी हा धंदा उभा केला. ‘कल्याण’ हे त्याचे नाव आमच्या शेजारच्या शहरावरून नव्हे, कल्याणजींवरून पडले. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने हा गुन्हाच होता. १९६९ मध्ये मात्र राज्य शासनाने स्वतःची लॉटरी सुरू केली. आशा तीच, एकीकडे ती गुन्हा ठरली, दुसरीकडे महसूल.

आज मुलांच्या मोबाइलवरील खेळांत ‘लूट बॉक्स’ असतो: पैसे देऊन उघडायची पेटी. आत कोणती तलवार, कोणता पोशाख निघेल, हे उघडण्यापूर्वी कळत नाही. जपानने २०१२ मध्ये अशा सोडतीच्या एका प्रकाराला चाप लावला, चीनने २०१७ मध्ये बक्षिसांची शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले, तर बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे मोजून उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले.

मग फरक कोणता? पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या मोजता येत. चेंडू शिल्लक असेपर्यंत प्रत्येक फाडलेल्या चिठ्ठीने त्याची आशा वाढे. तो कोणी जिंकला की गिऱ्हाईक आपोआप ओसरे. वाणी लबाडी करी, हेही खरे. पण संशय घ्यायला तो समोर बसलेला असे. लूट बॉक्स कधी संपत नाही. शंभरावी पेटी बहुधा पहिलीइतकीच अनोळखी असते आणि तिच्यामागे चेहरा नसतो.

ऋग्वेदातील अक्षसूक्त शिकवताना आम्ही द्यूतकाराच्या पश्चात्तापावर बोलतो; दोष त्याच्या लोभाला देतो. हा इतिहास पाहिल्यावर ते अपुरे वाटते. मुलाचा लोभ पुठ्ठ्यापुढेही होताच. त्याच्या हातून गेला तो उरलेल्या चिठ्ठ्या मोजण्याचा हक्क. यापुढे वर्गात फासे कोणी घडवले, हा प्रश्नही आम्हाला विचारावा लागेल.